नीला निळी नसते

निळं क्रीम. ओठांना लागलं की पुसून जात नाही, पसरतं.

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी शरीराची आकृती होती. रोहिणी लाल, नीला निळी. आमच्या वर्गात दोन रोहिण्या होत्या. नीला एकही नव्हती.

एसटीतली घंटीची दोरी. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला.

पोह्यांतले शेंगदाणे उलटीत अख्खेच्या अख्खे बाहेर येतात. लोक चावत नाहीत.

"श्वास आत घ्या. धरून ठेवा. सोडा." मशीनमधला हा आवाज माझा आहे.

चौतीस. सत्तावीस.

*

"मॅडम, याले दोरी नाही का वो?"

करुणा तेलगोटे सीटी स्कॅनच्या पलंगावर आडवी झाली होती. हात डोक्यामागे घेताना ती वर छताकडे काहीतरी शोधत होती.

"कसली दोरी?"

"घंटीची. डबल मारली का गाडी चालू."

ती अकोट डेपोची कंडक्टर होती. वय एकतीस. आठ महिन्यांपासून तिला गाडीच्या तीन पायऱ्या चढल्या की पहिल्या सीटचा दांडा धरून उभं राहावं लागायचं. तिकिटं फाडत मागच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत दोन थांबे निघून जायचे. छातीचा एक्स-रे चांगला होता. रक्त चांगलं होतं. एका डॉक्टरने दम्याचा पंप दिला, दुसऱ्याने लोहाच्या गोळ्या, तिसऱ्याने वजन कमी करायला सांगितलं. डेपोत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. नाटक.

त्या दिवशी तिच्यासोबत डेपोचे वाहतूक निरीक्षक भाकरे आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात साहेबांचं पत्र. बाहेर बाकावर बसण्याआधी त्यांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "मॅडम, रिपोर्टात काही निघालं तर टेबलाची ड्युटी देतो. नाही निघालं तर उद्या सकाळची अकोट-अमरावती. आन वरून चौकशी. तीन वेळा रस्त्यात गाडी उभी केली बाईनं."

मी करुणाच्या हाताला सुई लावली. नखं दिसली. नेलपॉलिश लावल्यासारखी, जांभळट निळी. लावलेलं नव्हतं.

"निघंल नं वो मॅडम काही?" तिने विचारलं.

"बघू."

"म्या नवस बोलला. आजार निघू दे म्हणून. असा नवस कोनी बोलते का?" ती हसली आणि हसता हसता थांबून तोंडाने श्वास घेऊ लागली. "शेजारीन म्हने, करुणा, तू येडी हायेस. म्या म्हटलं, बाई, आजार निघाला तं निदान खोटी तं नाही ठरनार."

"आता औषध जाईल. अंग गरम वाटेल. लघवी झाली असं वाटेल. झालेली नसते."

"झाली तं?"

"तर झाली."

मी काचेमागे गेले. मशीन बोललं. माझ्याच आवाजात, थोडा नाकातून: श्वास आत घ्या. धरून ठेवा. काचेतून दिसत होतं, ती धरू शकत नव्हती. चौथ्या सेकंदाला पोट हललं. माझा आवाज शांतपणे म्हणत राहिला, धरून ठेवा. तोवर हवं ते मिळालं होतं, मशीन वेगवान होतं. सोडा.

तिला बसतं केलं आणि तिला उलटी झाली. पोहे. मी ट्रे धरला. अर्धं ट्रेमध्ये गेलं, अर्धं माझ्या मनगटावर.

"सॉरी वो मॅडम. उपाशी या म्हटलं होतं नं तुमी. भाकरे सायबानं जबरदस्ती खाऊ घातले. बाईले उपाशी नेलं म्हणून डेपोचं नाव खराब नको व्हाले."

मी हात धुतले. शेंगदाणे बेसिनच्या जाळीत अडकले. ते मी बोटांनी काढले. इथपर्यंत मला कशाचीही किळस आली नव्हती. ते माझं कामच होतं.

*

पडद्यावर फक्त दोन आकडे.

हृदयातून फुप्फुसांकडे रक्त नेणारी जाड नळी म्हणजे फुप्फुसाची मुख्य रोहिणी. तिच्या शेजारून निघते ती महारोहिणी, सगळ्या शरीराला रक्त देणारी. पडद्यावर दोघी शेजारीशेजारी गोल दिसतात. मोठ्या माणसात महारोहिणी जरा मोठी असावी. फुप्फुसातला दाब वाढला की शेजारीण फुगते.

करुणाची मुख्य रोहिणी चौतीस मिलिमीटर. महारोहिणी सत्तावीस.

बारीक फांद्या पाहिल्या. रोहिणीच्या फांद्या टोकाकडे विरळ होत गेल्या होत्या, दोन जागी तर मध्येच संपल्या होत्या. हृदयाचा उजवा कप्पा डाव्याला ढकलत होता. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. बारा वर्षं तेव्हा झाली होती. आकडे मी हातावर लिहिले, कारण कागद जवळ नव्हता.

नवस फळला होता. तिला आजार निघाला होता.

*

पण त्या दिवशी माझं मोजणं कोणी विचारणार नव्हतं. त्या दिवशी उद्घाटन होतं.

आमच्या रुग्णालयाचं नाव सांगत नाही. अकोल्यात, ट्रस्टचं, मोठं. तिथले रेडिओलॉजीचे प्रमुख डॉ. अभय सरोदे यांनी दोन वर्षं खपून एक संगणक-प्रणाली उभी केली होती. तिचं नाव प्राणवृक्ष. सीटीची चित्रं तिला दिली की ती फुप्फुसातल्या रोहिणी वेगळ्या काढायची, नीला वेगळ्या, आणि रोहिणींचं झाड उभं करायची. मग बारीक फांद्या मोजायची. फांद्या कमी असतील तर दाब वाढल्याची शंका. डोळ्याने जे निसटतं ते हिच्याकडून निसटत नाही, असं सर म्हणायचे. कल्पना चांगली होती. ती चांगली नव्हती असं मी आजही म्हणणार नाही.

तीन आठवड्यांपासून ती चाचणी म्हणून चालू होती. तिचे रिपोर्ट छापून पेशंटला दिले जात होते. उद्घाटनाला सरांना ताजा पेशंट हवा होता. सकाळी यादीत जे पहिलं नाव होतं ते घेतलं. करुणा तेलगोटे.

सभागृहात ट्रस्टचे अध्यक्ष होते, दोन पत्रकार, कॉलेजातले सगळे डॉक्टर, मागे आम्ही. भाकरेही दारात येऊन उभे राहिले होते. करुणा खाली खुर्चीत बसून होती.

दिवे मंद झाले. पडद्यावर अंधार, मग एक निळं झाड उगवलं. बारीक बारीक फांद्यांनी गच्च भरलेलं. लोक 'अरे वा' म्हणाले. खाली हिरव्या पट्टीत अक्षरं आली: रोहिणीजाल सामान्य.

टाळ्या पडल्या. भाकऱ्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मी झाडाचं खोड बघत होते. निळं खोड हृदयाच्या डाव्या कप्प्यात शिरत होतं.

फुप्फुसातून डाव्या कप्प्यात शिरतात त्या नीला. दुसरं कोणी शिरत नाही तिथे. आणि ती फुगलेली चौतीस मिलिमीटरची नळी कोपऱ्यात लाल रंगात पडून होती. तिच्याकडे प्रणाली ढुंकूनही बघत नव्हती. ती नीला मोजत होती आणि त्यांना रोहिणी म्हणत होती. नीलांना या आजारात फारसं काही होत नाही. त्या गच्चच दिसणार.

*

केक फुप्फुसांच्या आकाराचा होता. दोन फुप्फुसं, मध्ये श्वासनळीचं वेफर. पांढऱ्या क्रीमवर लाल आणि निळ्या फांद्या. अध्यक्षांनी उजव्या फुप्फुसात सुरी घातली आणि आतून लाल जॅम आला.

"मला वरचा तुकडा द्या हं," छातीच्या विभागाचे एक डॉक्टर म्हणाले. "खालच्यात पाणी असतं."

सगळे हसले. ज्याच्या त्याच्या दातांवर निळं. कोणीतरी हातावरचा जॅम चाटला. कोणीतरी म्हणालं, बायोप्सी मस्त आहे. रुमालाने पुसल्यावर ओठांभोवती निळं वर्तुळ उरायचं, पेशंटच्या ओठांना असतं तसं. त्या खोलीत अशा ओठांचा अर्थ न कळणारे फक्त अध्यक्ष, पत्रकार आणि भाकरे होते.

मी सरांना खिडकीपाशी गाठलं.

"सर, रंग उलटे आहेत."

"हळू बोला."

"निळं डाव्या कप्प्यात जातंय. आपण नीला मोजतोय."

"माहितेय."

मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. "सर, नीला..."

"गावंडे, मला माहितेय. तीन आठवडे झाले. शिकवायच्या फायलींतल्या पहिल्या चाळीस बरोबर आहेत, तुम्ही रंगवलेल्या. नंतरच्या दोनशे चाळीस उलट्या रंगवल्यात. मशीनला शिकवलंय तेच ते करतंय. पुढच्या आवृत्तीत होईल दुरुस्त."

"आणि आज?"

"आज काय? आज हार घेऊन माणसं आली आहेत."

"त्या बाईची मुख्य रोहिणी चौतीस आहे. महारोहिणी सत्तावीस." मी हात पुढे केला. तळव्यावरचे आकडे घामाने थोडे फिसकटले होते.

त्यांनी तळव्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते चांगले डॉक्टर होते, एका नजरेत कळलं. "असेल. महिन्याभराने इकोला बोलवा."

"तिला उद्या गाडीवर पाठवतील."

"आठ महिने गेलीच ना गाडीवर?" त्यांच्या मिशीला निळं लागलं होतं. ते जिभेने शोधत होते. "आणि गावंडे, तुम्ही फार वर चढू नका. त्या फायली का उलटल्या, विचारलं मी. रंगवणारी ती ऋतुजा काय म्हणाली, सांगू?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गावंडे मॅडमना फोन करून विचारलं होतं."

*

चार महिने मागे. सकाळचे अकरा.

प्रणालीला शिकवण्यासाठी जुन्या सीटींच्या फायली हाताने रंगवायला बी.एस्सी.च्या दोन मुली घेतल्या होत्या. सूचनांचा कागद इंग्रजीत होता, तो मी मराठीत केला होता. त्यात मी बरोबर लिहिलं होतं: रोहिणी निळ्या रंगवा, नीला लाल. कारण फुप्फुसात उलटं असतं. इथली रोहिणी वापरलेलं, काळपट रक्त नेते. इथली नीला ताजं लाल रक्त परत आणते. शरीरात ही एकच मोठी जागा, जिथे शाळेतली आकृती खोटी ठरते.

ऋतुजाचा फोन आला. "मॅडम, कागदावर नीला लाल लिहिलंय. चुकून झालं का?"

माझ्या एका हातात ट्रे होता. एक म्हातारे गृहस्थ ओकत होते. फोन खांद्यात धरलेला.

"अगं, नीला म्हणजे निळीच ना," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मशीन जेवढा वेळ श्वास धरायला लावतं, तेवढाही लागला नाही.

*

"मी हे कुठे बोललो नाही," सर म्हणाले. "बोलणारही नाही. माणसाकडून होतं. खाली जा, रिपोर्ट देऊन टाका, बाईला घरी जाऊ द्या. आणि अहो, तोंड गोड करा. आज तुमचाही दिवस आहे."

त्यांनी केकचा तुकडा उचलून माझ्या तोंडापाशी धरला. लग्नात धरतात तसा. कोणीतरी फोटो काढला.

मी तोंड उघडलं.

(इथे एक वाक्य गाळलं आहे.)

*

नाव: करुणा शेषराव तेलगोटे. वय: ३१. तपासणी: फुप्फुसाच्या रोहिणींची संगणक-साहाय्यित मोजणी. निष्कर्ष: रोहिणीजाल सामान्य. पुढील तपासणीची आवश्यकता नाही. सही: डॉ. अ. सरोदे.

"सामान्य म्हंजे?" करुणाने विचारलं.

"म्हणजे... यात काही दिसलं नाही."

"कायीच नाही?"

भाकऱ्यांनी कागद तिच्या हातातून घेतला होता. "मी म्हटलं होतं नं. मोठ्या पडद्यावर पाह्यलं म्या सोताच्या डोयानं. झाड कसं गच्च होतं! चला बाई. सकाळी सहाची गाडी हाये तुमाले."

करुणा उठली नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. ज्या नजरेने कंडक्टर तिकीट न काढलेल्या माणसाला गर्दीत ओळखतो, त्या नजरेने.

"म्हंजे मीच खोटी," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"अवो मॅडम! तुमची जीभ निळी झाली!"

मी तोंड मिटलं.

"पाहा नं," तिने दोन्ही हातांची नखं माझ्यासमोर धरली. "माझी नखं आन तुमची जीभ. काय खाल्लं तुमी?"

"केक."

"निळा केक? कायचा वो?"

"फुप्फुसाचा."

ती हसायला लागली. तिला ते खरंच गमतीचं वाटलं. फुप्फुसाचा केक, फुप्फुसाचा केक, असं म्हणत ती हसली आणि तिसऱ्या वेळी शब्द अर्धाच आला. मग श्वास आला नाही. ती खुर्चीवरून घसरून फरशीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या. ओठ नखांच्या रंगाचे झाले.

"झालं सुरू," भाकरे म्हणाले. "गाडीत बी असंच करते."

मी तिला ऑक्सिजन लावला. तोंडात केकची चव होती. गोड, तुपकट, दाताच्या फटीत एक निळा कण. तो मी जिभेने काढत होते. सरांसारखाच.

मग मी आत गेले. तिच्या त्या दोन शेजारीशेजारच्या रोहिणींची चित्रपट्टी छापली. त्यावर पेनाने दोन गोल केले आणि लिहिलं: मुख्य फुप्फुस रोहिणी ३४, महारोहिणी २७, उजवा कप्पा मोठा, फांद्या तुटलेल्या, ताबडतोब हृदयविकार विभाग, नागपूर. टेक्निशियनला रिपोर्ट लिहायचा अधिकार नसतो. मी खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

बाहेर येऊन भाकऱ्यांना म्हटलं, "तो कागद द्या जरा."

"कायले?"

"शिक्का राहिलाय."

शिक्का म्हटल्यावर त्यांनी लगेच दिला. मी हिरव्या पट्टीवर आडवं लिहिलं: यात रोहिणी व नीला यांचे रंग उलटे आहेत. हा रिपोर्ट चुकीचा आहे. रंगांची सूचना मी चुकीची दिली. उज्ज्वला गावंडे. मग विभागाचा शिक्का खरंच मारला. दोन्हींवर.

भाकऱ्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. "मॅडम, मंग हे खरं का ते खरं?"

"हिची नखं बघा."

त्यांनी पाहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा असावं. खिशातलं एक पेन काढून परत ठेवलं. "आता मी सायबाले काय सांगू?"

"सांगा, आजार निघाला."

करुणाने मास्क बाजूला केला. "निघाला?"

"निघाला."

तिने डोळे मिटले आणि हवेत दोनदा दोरी ओढली.

*

नागपूरला तिच्या हृदयात नळी घालून दाब मोजला. सामान्य माणसाच्या तिपटीपेक्षा जास्त होता. आदल्या वर्षी गर्भ पडल्यानंतर तिचा पाय सुजला होता, तो कोणी मनावर घेतला नव्हता. तिथल्या रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसात जाऊन बसल्या होत्या. मुंबईत छाती उघडून त्या सोलून काढल्या. आता ती अकोटच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते, भोंग्यावर गाड्या पुकारते. मी एकदा गेले होते. एका दमात तिने सहा गावांची नावं घेतली.

तिच्या आधी, त्या तीन आठवड्यांत, अकरा जणांना मी तसेच हिरव्या पट्टीचे रिपोर्ट हातात दिले होते. त्यांची नावं मी वहीत उतरवून घेतली होती. सात जणांपर्यंत पोचले. तिघांचे पत्ते चुकीचे निघाले. एका घरी पोचले तेव्हा भिंतीवर फोटोला हार होता. कशाने गेले, ते मी विचारलं नाही.

मला महिन्याच्या आत काढलं. कारण लिहिलं होतं: अधिकाराबाहेरचे वर्तन. सरांनी दोनशे चाळीस फायली पुन्हा रंगवून घेतल्या. प्राणवृक्ष प्रणाली आता बरोबर चालते. तीन डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेलं तिला सापडतं, हे मी ओळखीच्या दोन पेशंटांच्या बाबतीत पाहिलं आहे. सरांना त्यासाठी शाल मिळाली. ती शाल पांघरलेला फोटो पेपरात आला. पेपर मी दोन बोटांनी उचलून रद्दीत टाकला आणि मग हात धुतले.

मशीनमधला आवाज त्यांनी बदलला नाही. अजून तिथे रोज तीस-चाळीस माणसं माझ्या सांगण्यावरून श्वास धरतात.

गाळलेलं वाक्य असं: केक चांगला झाला होता, आणि सरांच्या हातचा तुकडा संपल्यावर मी दुसरा मागून घेतला.